खांबाशेजारी काका

मोहनकाका गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजात भिंतीला खिळे ठोकत होते. वर्षअखेरीच्या प्रदर्शनाची मांडणी चालू होती. "काका गेला गं. सरळ घाटकोपरला काकीकडे ये," एवढंच ती म्हणाली आणि मी म्हटलं, "हो, हे चार खिळे मारते नि निघते." आणि खरंच मारले चारही... असं का केलं ते दीड महिना झाला तरी मला उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकीने विचारलं, "तुझ्याकडे असेल ना त्याचा एखादा बरा फोटो? हार घालायला लागेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिकच आहे, घरात फोटोग्राफी शिकणारी मी एकटीच. मी रात्रंदिवस काकाला घेऊन हिंडायचे हेही सगळ्यांना ठाऊक. माझ्याकडे काका शंभरेक फोटोंत आहे. एकातही त्याचा चेहरा धड दिसत नाही. कुठे पाठ, कुठे पुसट डोकं, कुठे नुसता सदरा. लग्नांच्या अल्बममध्येही तो नाही, कारण ऐन फोटोच्या वेळी कुणाचा तरी ब्लाउज उसवायचा आणि हा सुई घेऊन आत. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो चोरासारखा दिसतो. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

काका शिंपी होता. आजोबा मालवणहून गिरणीत आले आणि काकाने कापड विणायचं सोडून शिवायला घेतलं, असं तो स्वतःच सांगायचा. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली त्याचं मशीन. पहिल्या वर्षाला आम्हाला डब्याचा कॅमेरा करायला सांगितला होता. भिंग नाही, काही नाही, डब्याला बारीक भोक आणि आत फोटोचा कागद. मी तीन डबे वाया घालवले. काकाने बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घासून त्याला सगळ्यात बारीक सुईने भोक पाडलं आणि झाकणाला आतून काळ्या मखमलीची पट्टी शिवली. उजेडाचा कण आत जाईल तर शपथ. "पोरी, फट बुजवणा हो तर माजो धंदो," म्हणाला. त्या डब्याने वर्गात सगळ्यांची वाट लावली. तेव्हापासून मी कुठे निघाले की हा मशीनवर कापड झाकून तयारच.

गॅलरीत मात्र त्याला न्यायचं म्हणजे जिवाला घोर. एकदा एका मोठ्या प्रदर्शनात मी आपली एका चित्रापुढे गंभीर चेहरा करून उभी, आणि हा शेजारच्या चित्राच्या मागे डोकं घालून बघतोय. वॉचमन धावत आला. काका त्याला शांतपणे सांगतो, "कापड उरेब ताणलांसा. तिरक्या धाग्यात. सहा महिन्यांत झोळ पडतलो." लोक हसले. मी पुढच्या दालनात निघून गेले, जणू हा माणूस माझ्याबरोबर आलेलाच नाही. बाहेर आल्यावर त्याने मला कुल्फी घेऊन दिली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांमधला एक खांब धरला. तोच खांब, तीच जागा, तोच डबा, फक्त वर्षभरात बदलणारा उजेड टिपायचा. सोबत खांबाची उंचीही लिहून द्यायची होती; शिडी लावायची परवानगी नसते, म्हणून ती फोटोवरूनच काढायची. शेजारी माहीत असलेल्या उंचीचा माणूस उभा करायचा, त्याच्या किती पट खांब ते मोजायचं. काका पाच फूट सहा इंच. टेपने स्वतःच माप घेऊन माझ्या वहीत लिहून दिलं होतं. "खंय उभो रवू गो?" विचारायचा, आणि मी बोट दाखवीन तिथे उभा राहायचा. डब्याच्या कॅमेऱ्याला सावलीत दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं हलायचं नाही. तोंड खांबाकडे, कारण चेहरा हलला की धुरकट डाग पडतो आणि तो मला नको होता. हे मीच सांगितलं होतं त्याला.

पहिला फोटो थंडीतला. दुसरा पुढच्या दिवाळीनंतरचा, आणि तिथे गडबड झाली. हिशोब केला तर खांब सव्वा फुटाने वाढला होता. सरांनी वर्गासमोर कागद उचलला नि म्हणाले, "पाषाण आहे की पडवळ?" माझा असा काही संताप झाला. घरी आले ती थेट जिन्याखाली. "काका, तू पोक काढून उभा राहतोस. माझे मार्क जातात. नीट ताठ उभं राहायला काय होतं तुला?" त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरां गो. परत जावया."

महिन्याभराने परत गेलो. या वेळी तो खांबासमोर टाचा जुळवून ताठ उभा राहिला. दहा मिनिटांत हू की चू नाही. झाल्यावर मात्र पायरीवर बसला तो बराच वेळ उठेना. कपाळावर घाम. विचारलं तर म्हणाला, "चप्पल चावता." मी म्हटलं, मग नवी घे ना यार. फोटो झकास आला. खांब जवळपास पहिल्या मापावर आला आणि सरांनी शेरा दिला, उत्तम.

त्यानंतर पंधरवड्यात त्याला मशीनवर बसवेना. मग तपासण्या... रोग कधीचा पाठीच्या मणक्यांत पोहोचला होता. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस हे कसे हिंडले फिरले कोण जाणे. मार्चमध्ये तो गेला.

परवा काकी त्याचे सदरे वाटून टाकायला काढत होती. "एक ठेव तुझा कॅमेरा पुसायला," म्हणाली. मी घडी उलगडली तर सदरा पुढून आखूड, मागून लांब. दुसरा घेतला, तोही तसाच. काका असं शिवेल? मी काकीकडे पाहिलं.

"त्यानेच कापले," ती म्हणाली. "पाठ वाकली की सदरा पुढून लोंबतो. एकदा गणपतीत कापले, एकदा दिवाळीनंतर. मी विचारलं तर म्हणे कापड आटलं. अगं, आटलेलं कापड कुणी कापतं का? एवढं मलाही कळतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, पोरीचा तो खांब होऊ दे एकदा."

माझ्या मनात एकच होतं, त्याला माहीत होतं. मी जिन्याखाली उभी राहून ओरडत होते तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, आणि एका शब्दाने त्याने मला गप्प केलं असतं तर मी आज सुखाने रडले असते.

घरी येऊन तिन्ही फोटो बाहेर काढले आणि हिशोब उलटा मांडला. खांब वाढत नाही, कमी होत नाही. खांब कायम धरला आणि काकाची उंची काढली. पहिल्या फोटोत पाच फूट सहा. दुसऱ्यात पाच फूट दोन. चार इंच माणूस माझ्या डोळ्यांदेखत कमी झाला होता आणि मी खांबावर संशय घेतला.

तिसऱ्यात तो पाच फूट पाच भरतो. तीनदा मोजलं. त्या पाठीने, त्या मणक्यांनी हे तीन इंच त्याने कुठून आणले असतील आणि दहा मिनिटं कसे धरून ठेवले असतील... मी तेव्हा समोरच्या पायरीवर बसले होते. मोबाईलवर वेळ लावली होती आणि वाजेपर्यंत कुणाशी तरी चॅट करत होते. एकदाही मान वर करून पाहिलं नाही.