बेताचा राग

"राग इंग्रजीत लिहिला की निम्माच उरतो," असं ती एकदा डबा खाताना म्हणाली होती.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती तक्रारीचे फोन घेई. लोक आपल्या भाषेत आग ओकत. तिने ती इंग्रजीत, एका ओळीत, मुख्य कचेरीला कळवायची. 'अ बिट अपसेट' लिहिलं की मेकॅनिक तीन दिवसांनी जाई. 'क्वाइट अनॉइड' लिहिलं की दुसऱ्या दिवशी. 'अँग्री' लिहिलं तर त्याच दिवशी, पण मग वरून साहेबांना जाब विचारला जाई. म्हणून साहेबांना राग बेताचा लागे.

बारा वर्षांत तिच्या कानात माप तयार झालं होतं. आवाजावरून ती ठरवी: हा 'मिफ्ड', म्हणजे जरा रुसलेला, ती बाई 'स्लाइटली इरिटेटेड', थोडी वैतागलेली. कचेरीत तिला थर्मामीटरच म्हणत.

"काय थर्मामीटर, आज पारा किती?" टायपिस्ट विचारी.

"तुझ्यापुरता भरपूर आहे."

घरी नवरा कौतुकानं म्हणे, "तू कधी चिडतच नाहीस."

"चिडते. तुला ऐकू येत नाही," ती भांडी विसळत म्हणे. नळाच्या आवाजात तेही वाहून जाई.

सोमवारी एका आजोबांचा फोन आला. पाचवा मजला, लिफ्ट बंद. "तुमच्या सोयीनं बघा, ताई. घाई नाही." इतका मऊ आवाज. तिने लिहिलं, 'अ लिटल पुट आउट', म्हणजे जरासे नाराज, सगळ्यात खालचं माप.

बुधवारी सकाळी पुन्हा तोच आवाज. "परत त्रास देतोय. हिला तपासणीला न्यायचं होतं, म्हणून जिन्यानं उतरवत होतो. पडली. शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं. डॉक्टर म्हणतात पाय मोडलाय, आजच दवाखान्यात आणा. आता पाच मजले कसं न्यायचं?"

"आजोबा, परवाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुमच्यावर काय ओरडायचं? तुमची काय चूक?"

फोन ठेवल्यावर तिने नवा कागद पुढे ओढला. मग तिने लिहिलं, 'अँग्री'.

साहेब कागद घेऊन आले. "थर्मामीटर बिघडलं की काय? म्हातारा ओरडला?"

"नाही."

"शिव्या दिल्या?"

"नाही, साहेब. त्यांची बायको पाय मोडून पडलीय."

"वाईट झालं. पण रकाना रागाचा आहे, दुखण्याचा नाही. 'अ बिट अपसेट' करा. शनिवारी जाईल माणूस."

"राग माझा आहे."

टायपिस्टची बोटं थांबली. साहेब हसले, माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून कुणीतरी याच मापानं जाब विचारत असे. "अहो, तक्रार गिऱ्हाइकाची लिहायची, आपली नाही. 'अँग्री' खोडा आणि करा सही."

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला. बाराही वर्षं त्याच अक्षरात, त्याच एका ओळीत मावत आली होती. तिने सही केली नाही. आजोबांचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवला, पर्स खांद्याला अडकवली आणि तळमजल्यावर मेकॅनिक बसतात त्या खोलीकडे निघून गेली.