एर्मिनियाची प्लायवूडची गिटार

पाराचो गावात मूल जन्मलं की त्याच्या हाती आधी रंधा देतात, खुळखुळा नंतर, असं मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातली बाकीची गावं म्हणतात. एलिसेओ मास्तरांच्या बाबतीत तर खुळखुळा द्यायचा राहूनच गेला असावा.

गावात घरोघरी गिटारी बनतात, आणि बनवणाऱ्यांचे पंथ दोन. एक प्लायवूडवाले, दुसरे अस्सल लाकडाचे. एलिसेओ दुसऱ्या पंथातले, आणि कट्टर. भिंतीला भिंत लागून राहणारा रोसेंदो पहिल्या पंथाचा. रोज सकाळी दोघांची दारात जुंपायची.

“माझी गिटार ट्रकमधून पडली तरी उठून चालायला लागते,” रोसेंदो म्हणायचा. “तुझ्या गिटारीसमोर कुणी शिंकलं तरी तिला तडा!”

“तुझी मुळात मेलेलीच असते रे. मढ्याला कसला तडा?”

गिऱ्हाईक आलं की एलिसेओ समजावून सांगत, “अस्सल लाकूड म्हणजे नवी नवरी. आधी तोंड उघडणार नाही. रोज वाजवा, सहा-आठ महिन्यांत बोलायला लागेल. आणि जो वाजवेल त्याच्याच हाताची होईल. प्लायवूड पहिल्या दिवशी जसं वाजतं, तसंच शेवटच्या दिवशी.”

पण दिव्याखाली अंधार. खुद्द मास्तरांची बायको एर्मिनिया जन्मभर प्लायवूडच वाजवत आली. लग्नात रोसेंदोनं आहेर केलेली गिटार. चुलीवर कोरुंदे, म्हणजे पानात गुंडाळलेले मक्याचे उंडे, वाफवायला ठेवले की ती गिटार मांडीवर घ्यायची आणि पुरेपेचा भाषेतली जुनी प्रेमाची गाणी म्हणायची. दर वेळी चांगली गिटार तयार झाली की एलिसेओ म्हणत, “ही तुझी.” मग गिऱ्हाईक यायचं. “बरं, पुढची तुझी.”

“राहू दे, म्हाताऱ्या,” एर्मिनिया हसायची. “माझी गिटार लग्नापासून काही शिकली नाही. अगदी तुझ्यासारखी. म्हणून तर जमतं तिचं नि माझं.”

मग एर्मिनिया आजारी पडली. उरुआपानच्या डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत.

त्या दिवशी एलिसेओंनी पलंगाखाली जपलेली अस्सल लाकडाची फळी काढली. वडिलांच्या वेळची, कुठल्याशा मोठ्या वादकासाठी राखून ठेवलेली. गिटारीच्या तोंडाला ती फळी, पाठीला अक्रोडाचं लाकूड घेतलं. दुसरं काम घेतलं नाही. गिटार झाली तेव्हा तिला नुसतं बघायलाही लोक आले.

एर्मिनियानं तारा छेडल्या. “छान झालीय,” ती म्हणाली, शेजारणीच्या सुनेला म्हणावं तसं. आवाज आतल्या आत घुटमळत होता. नवरी तोंड उघडत नव्हती. हे एलिसेओंपेक्षा जास्त कुणाला कळणार?

ती रोज अंगणातल्या उन्हात बसून वाजवायची. एलिसेओ आतून विचारायचे, “उघडतेय का गं?”

“उघडतेय, उघडतेय.”

भिंतीपलीकडची सैल तार ओळखणारा माणूस तो. त्यांना हे खोटं ऐकू येत नव्हतं थोडंच? पण तेही म्हणायचे, “मलाही वाटतंय.”

एक दिवस तिनं नवी गिटार परत त्यांच्या हातात दिली. “माझी जुनी दे रे. हिला तूच बोलती कर. माझ्याच्यानं नाही व्हायचं आता.”

मक्याची पेरणी व्हायच्या आत ती गेली.

गिटार बनवणाऱ्यांना वाजवता येतंच असं नाही. तारा चढवल्यावर तपासायला एक धून पुरते, आणि एलिसेओंना तेवढीच येत होती. रोज सकाळी कॉफीच्या आधी ते नव्या गिटारीवर ती वाजवू लागले. सबंध पावसाळा वाजवली. अन् कणसं भरायच्या सुमारास एका सकाळी सगळ्यात जाड तार अशी घुमली की कॉफीच्या कपात तरंग उठले.

“ऐकलंस?” ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले.

मृतांच्या सणाला ते ती गिटार घेऊन स्मशानात निघाले. रोसेंदो आडवा आला. “वेडा झालास? तिथं ऊन कडक, वारा कोरडा. तडकेल ती. प्लायवूडची ने.”

“जन्मभर प्लायवूडवरच ठेवली तिला. आज तरी नाही.”

झेंडूनं कबर झाकली होती. एर्मिनियाची भाची ओरालिया आत्याचं लाडकं गाणं वाजवू लागली. काय तो आवाज! चार कबरी पलीकडची माणसं हातातल्या मेणबत्त्या तशाच धरून उभी राहिली. एलिसेओंचा चेहरा मात्र उतरत गेला.

“काय झालं, आतोबा? चुकतंय का माझं?”

“नाही गं पोरी. सुंदर वाजतेय. पण ही माझ्या हाताची झाली. हिला तुझी आत्या ठाऊकच नाही.”

गिटार त्यांनी शेजारच्या कबरीला टेकवली, तडक घरी गेले आणि जुनी प्लायवूडची घेऊन आले. तारांवर अजून एर्मिनियाच्याच बोटांचा काळपटपणा होता.

ओरालियानं पहिला सूर काढला. पत्र्यासारखा, बसका. चुलीजवळ वाजायचा तस्साच. मागोमाग आलेला रोसेंदो कबरीपाशी उकिडवा बसला.

एलिसेओ मातीत बसले. “काही शिकली नाही,” कबरीवरचे झेंडू सारखे करत ते म्हणाले. “बरं झालं.”

गाणं अर्ध्यावर आलं असताना उन्हात टेकवलेल्या गिटारीतून ‘कट्’ असा आवाज आला. पाराचोत हा आवाज न ओळखणारं माणूस नाही. ओरालियाची बोटं थबकली. रोसेंदोनं मान वळवली.

“तू वाजव गं,” एलिसेओ म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नाही.