पुढच्या ब्रेकचा ठिपका

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की शाळेसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोकांच्या वाकड्या चाकांचा आऊट काढून ती सरळ करणारा हा गृहस्थ स्वतः सायकलवरून नदीच्या पुलापलीकडे कधी गेला नव्हता. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "पलीकडेही रस्ताच असणार की!" आणि त्यांचीच मुलगी अकरा महिन्यांपूर्वी, त्यांनीच जोडलेल्या सायकलवरून जगाच्या फेरीला निघाली होती. तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर जगाचा नकाशा आला आणि मास्तरांच्या पोटात गोळा. दोघांनीही मुक्काम हलवला नव्हता.

मास्तरांची एक रीत होती. नट घट्ट आवळून झाला की त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे काम झालं, पुन्हा पाना लावायची गरज नाही. बायको म्हणायची, "माझ्या नखांपेक्षा तुमचे नटच जास्त नटतात."

त्या सकाळी पोस्टमनच्या सायकलला नवी ब्रेकवायर घालणं चाललं होतं. नट हाताने फिरवून झाला होता, आता पाना लावायचा, तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली, "अहो, चहा निवतोय!" नेलपॉलिशची बाटली उघडीच होती. मास्तरांनी ठिपका दिला, बाटली बंद केली आणि चहाला गेले. परत आले, ठिपका पाहिला आणि सायकल पोस्टमनच्या हवाली केली.

पोस्टमनने ब्रेक दाबला. वायर सर्रकन निसटली.

"काय मास्तर, कुंकू लावलंत आणि लग्न लावायचं विसरलात?" पोस्टमन खो खो हसला.

मास्तर हसले नाहीत. अशीच हाक, असाच ब्रेक. मुलगी निघाली त्या दिवशीही अगदी शेवटी पुढच्या ब्रेकचा नट राहिला होता, आणि बायको ओरडली होती, "अहो, फोटोला थांबलेत सगळे!"

तो फोटो नकाशाशेजारीच लावलेला होता. मास्तरांनी चष्मा कपाळावर सारून तो नाकाशी धरला. मुलगी हसतेय. तिची आई डोळे पुसतेय. मास्तरांच्या मुठीत नेलपॉलिशची बाटली. आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर दहा नंबरचा पाना, ब्रेकच्या नटाला लागतो तोच, खिळ्याला टांगलेला. घाईत असताना पाना परत जागेवर टांगेल, असा माणूस मास्तर नव्हेत. म्हणजे त्या नटासाठी पाना खाली उतरलाच नव्हता.

"अगं, इकडे ये!"

बायको हात पुसत आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अकरा महिने पोरगी ब्रेक न लावताच फिरली की काय?"

"तुला नाही कळायचं. हाताने आवळलेला नट महिनोन्‌महिने धरून बसतो आणि नेमका उतारावर दगा देतो."

उतारावर, हे ऐकल्यावर तिचाही चेहरा बदलला. आदल्या दिवशीच मुलीचा मेसेज आला होता: उद्या खिंड ओलांडणार, मग पस्तीस किलोमीटर नुसता उतार, मजा! त्यातलं ते 'मजा' आता मास्तरांच्या छातीवर येऊन बसलं.

फोन लागेना. मग मास्तरांनी एका बोटाने मेसेज लिहिला: पुढच्या ब्रेकचा नट तपास. उतरू नकोस. चूक माझी आहे. शेवटचे तीन शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिले. मेसेजखाली एकच टिक आली आणि तिथेच थांबली.

दुपारभर दुकानात काम असं झालंच नाही. एकाच ट्यूबला मास्तरांनी दोनदा ठिगळ लावलं, तेही भोक नव्हतं तिथे. बायको "लागेल हो फोन" म्हणत होती आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच लावून बघत होती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. मास्तरांनी स्पीकर लावला. मागे वारा नुसता घोंघावत होता.

"बाबा, आत्ता रेंज आली. कसला नट म्हणताय?"

"कुठे आहेस? वर की खाली?"

"खाली पोचले. सांगा ना, काय झालं?"

मास्तर स्टुलावर बसलेच. "पुढच्या ब्रेकचा. मी ठिपका दिला होता, पण..."

"हात्तिच्या, तो होय! तो पहिल्या आठवड्यातच पकडला मी. चांगला ढिला होता."

"ढिला होता? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळ्या सायकलची काळजी करत बसला असता. मी रोज सकाळी प्रत्येक नटाला पाना लावते, बाबा. ठिपके बघून निघत नाही मी."

बायकोने तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक. मास्तरांचा जीव भांड्यात पडला खरा, पण भांडं लगेच हललं.

"म्हणजे अकरा महिने लपवलंस. आणखी काय काय लपवलंयस?"

"वारा फार आहे, बाबा. काही ऐकू येत नाहीये. ठेवते हं!"

मास्तर उठले, दहा नंबरचा पाना खिळ्यावरून काढला आणि दुकानात उभ्या असलेल्या सायकलींचे ठिपके दिलेले नट एकेक करून पुन्हा आवळायला बसले.

"अहो, चहा!" आतून हाक आली.

"निवू दे," मास्तर म्हणाले.