वहिनींचा बुडणारा मासा

आमच्या वहिनी दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेपुढे त्या दिवसभर बसतात, आणि तेवढंच त्यांचं बसणं. बाकी वेळ पायाला भिंगरी. बोलणंही तसंच. एकदा सुरू झाल्या की दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, हळूच रेडिओचा आवाज वाढवतो.

दादाला मासे पकडायचा नाद. सुट्टीच्या सकाळी तो आणि मी बंदराच्या दगडी बांधावर जायचो. गळ लावलेले चकचकीत धातूचे मासे लांब फेकायचे आणि रीळ भराभर फिरवत ओढायचे, ही आमची पद्धत. एकदा वहिनीही आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक गुलाबी मासा काढला. कवळी हिरडीला टोचू नये म्हणून आतून मऊ रबर लावतात. त्यातलं उरलेलं साच्यात ओतून त्यांनी तो घडवला होता. बोटभर लांब, शेपटी कागदासारखी पातळ, डोक्यात शिशाची गोळी, पाठीतून वर आलेला गळ.

"माशांना कवळ्या बसवणार का आता?" दादा म्हणाला.

"बसवीन. तुमच्यापेक्षा कमी कुरकुर करतील."

त्यांनी तो फेकला आणि मला शेजारणीची काहीतरी भानगड सांगायला लागल्या. रीळ फिरवायचं राहूनच गेलं. रबरी मासा आपला बुडत गेला. भानगड ऐन रंगात आली आणि काठी वाकली. हातभर लांबीचा मासा वर आला तेव्हा दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

नशीब, असं म्हणून आम्ही विषय सोडला. वहिनींनी सोडला नाही. शिसं जड असलं तर मासा धोंड्यासारखा पडतो, हलकं असलं तर जखमी असल्यासारखा डुलत उतरतो, हे त्यांनी करून करून शोधलं. तळाला टेकू द्यायचा, काठीचं टोक जरासं उचलायचं, पुन्हा बुडू द्यायचा. दोरा फार ताणायचा नाही, अगदी ढिलाही सोडायचा नाही. तरी बहुतेक वेळा गळ रिकामाच यायचा.

मग ती सकाळ आली. भरती पुरी चढून पाणी थांबलं होतं. वारा नव्हता. बांधाखालचा तळ काचेतून दिसावा तसा दिसत होता. वहिनी रबरी मासा पायाशीच सोडत होत्या. त्यांनी माझी बाही धरली.

"भाऊजी, खाली बघा."

दगडाची सावली हलली. ती सावली नव्हती. उभा धरला तर माझ्या कमरेला लागेल एवढा मासा, शेपूट हलल्याचं दिसूही न देता, वर आला आणि उतरत्या रबरी माशासमोर थांबला. त्याने तोंड उघडलं. पाणी आत ओढलं गेलं आणि त्याबरोबर गुलाबी मासाही. गालफडं एकदा फुगली. मग त्याने तो बाहेर सोडला, अगदी अलगद, आणि वळून दगडांखालच्या अंधारात गेला.

"हाताला ओढ जाणवली का काही?" दादाने विचारलं.

"काहीच नाही," वहिनी म्हणाल्या. रबरी मासा वर ओढून घेत त्या पुढे बोलल्या, "म्हणजे गळ रिकामा यायचा, तेव्हाही कुणीतरी येऊन जात होतं."

इतकी वर्षं आम्ही त्या पाण्याच्या काठाशी उभे होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता. घरी जाताना वहिनी वाटभर बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्या दोरा पाण्यात शिरतो तिथेच डोळे लावू लागल्या. मासा बुडताना दोरा सारखा उतरत असतो. तळ यायच्या आत तो थांबला, तर कुणीतरी आमिष तोंडात धरलेलं असतं. काही आठवड्यांनी दोरा तसाच मध्येच थांबला. वहिनींनी झटक्यात काठी उचलली. दमवून दमवून तिघांनी जो मासा बांधावर घेतला, तो त्या मोठ्याच्या निम्मा असेल. दादा त्याला पोत्यात घालायला वाकला.

"थांबा जरा," म्हणत वहिनींनी अंगठ्याने माशाचा जबडा उघडला. आतल्या ओल्या, बारीक दातांवरून बोट फिरवून पाहिलं. दात पॉलिश पेपरसारखे खरखरीत होते.

"यात चावायला काहीच नाही हो. नुसतं पाणी ओढायचं आणि घास आत. माणसाच्या तोंडात आम्ही इतक्या खटपटी करतो, आणि हे बघा."

त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. दादा पोतं उघडं धरून उभा राहिला.

रात्री मासा शिजवला. तो मोठा मासा आम्हाला परत दिसलेला नाही. पाणी निवळ असलं की वहिनी काठी खाली ठेवतात आणि बांधावर पालथ्या पडून आत बघत राहतात.