गंगाधरमामांच्या स्टोअरची चौकशी

चौकशी समिती येते आणि जाते, किस्से मात्र आमच्याकडंच ठेवून जाते. आमच्या सरकारी दवाखान्यात कोरोनाच्या खरेदीची चौकशी इतक्यांदा झाली, की स्टोअरमध्ये आता औषधांपेक्षा किश्शांचा साठा जास्त आहे! मी तिथं कंत्राटावर खोकी उतरवतो, रचतो. शिक्षण नववीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. त्यामुळं साहेब लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात.

आमचे स्टोअरकीपर गंगाधरमामा. त्यांचा एकच नियम. माल उघडून, हाताळून बघितल्याशिवाय सही नाही! गाडीवाले त्यांना बघूनच कपाळाला हात लावायचे.

* * *

पहिल्या लाटेत सॅनिटायझरचा ड्रम आला. मामांनी थोडं हातावर घेतलं, चोळलं, फुंकलं. बराच वेळ झाला तरी हात ओलाच.

ड्रायव्हर म्हणाला, "मामा, सही करा की. उशीर होऊन राहिला."

"थांब बापू. आधी हे वाळू दे!"

सही काही झाली नाही. ड्रम परत न्यायलाही कुणी आलं नाही. शेवटी तुकाराम वॉचमन ते पाणी रोज तांब्याभर जास्वंदीला घालू लागला.

पुढं चौकशीत साहेबांनी विचारलं, "त्या सॅनिटायझरचा परिणाम कसा होता?"

तुकाराम ताठ उभा राहिला. "एक नंबर, साहेब! रोज परडीभर फुलं!"

* * *

मग गाऊन आले. सगळे सहा फुटी माणसाच्या मापाचे! आमच्या शबाना सिस्टर पाच फुटांच्या आतल्या. गाऊन घालून दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "मामा, हा गाऊन हाय का मंडप?"

बाजारातले रफिकचाचा टेलर मशीन घेऊन व्हरांड्यात बसले. प्रत्येक गाऊन खालून कापला आणि उरलेल्या कापडाची पायात घालायची शू-कव्हरं शिवली. मामांनी इमानदारीनं सगळं रजिस्टरला चढवलं.

चौकशीवाल्या साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. "शू-कव्हर आले शून्य, वापरले चाळीस जोड? अहो, चोरीत माल कमी होतो!"

मामा हात जोडून म्हणाले, "आमच्याकडं वाढला, साहेब. आता याला काय सजा?"

* * *

दिवाळीत माल पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस मिठाईचा बॉक्स घेऊन आला. "मामा, घरच्या लेकरांसाठी."

मामांनी तिथंच बॉक्स उघडला, स्टॉक रजिस्टर ओढलं आणि मोठ्यानं वाचत लिहू लागले, "काजूकतली, एक बॉक्स. बॅच नंबर नाही. एक्सपायरी, आज संध्याकाळ."

"अहो मामा, हे काहून लिहून राहिले?"

"सरकारी स्टोअरमधी आलंय ना? मंग नोंद बराबर पायजे."

संध्याकाळी वॉर्डात एकेक तुकडा वाटला. प्रत्येक पेशंटची सही घेऊन! तो माणूस पुन्हा कधी साधी गोळीसुद्धा घेऊन आला नाही.

* * *

मामांनी आपला नियम एकदाच मोडला.

दुसऱ्या लाटेत, बोटाला लावून ऑक्सिजन बघायच्या मशीनची गाडी आली. तेव्हा दारात तीन पेशंट धापा टाकत होते आणि शबाना सिस्टर वॉर्डातून हाका मारत होत्या. मामांनी न बघताच सही ठोकली आणि खोकी आत पळवायला लावली. चलनावर छापलेलं होतं, 'माल तपासून घेतला.'

पुढं तक्रार झाली की मशीन बोगस आहेत. एजन्सी म्हणाली, "माल चांगलाच होता, स्टोअरकीपरची सही बघा. ठेवायची अक्कल नसेल तर आम्ही काय करणार?" ज्यांनी वरून खरेदी केली, ते सगळे गप्प. मामांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. त्यांच्या सस्पेंशनचा कागद टाइप होऊन टेबलावर आला. फक्त चौकशीवाल्या साहेबांची सही बाकी.

चौकशीच्या दिवशी एजन्सीच्या दुसऱ्याच एका माणसानं त्याच मालातलं एक सीलबंद मशीन आणलं होतं. त्यानं ते सगळ्यांसमोर उघडून साहेबांच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव!

"बघा सर. फर्स्ट क्लास!"

साहेबांनी पेन उघडलं.

मामा पुढं झाले. "चुकलंच माझं, साहेब. तवाच बघाया पायजे होतं. आता बघू का?"

"बघा. आता बघून काय होणार?"

हळदीचा सीझन होता. शिपाई मारुती मोंढ्यात भाव विचारायला चार हळकुंडं खिशात घालून आला होता. मामांनी त्याच्याकडून एक मागून घेतलं, मशीनच्या चिमट्यात धरलं आणि बटण दाबलं.

अठ्ठ्याण्णव.

एजन्सीचा माणूस पंख्याकडं बघू लागला.

मारुतीला राहवलं नाही. "घरच्या रानातलं हाय, साहेब. औंदा पीकच निरोगी हाय!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आपल्या बोटाकडं जरा वेळ बघितलं. मग शबाना सिस्टरकडं वळून एकदम हळू आवाजात विचारलं,

"सिस्टर, तुमच्याकडं दुसरं एखादं मशीन आहे का? माझं परत एकदा बघता?"