लोक म्हणतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मी काही लपवत असेन असं तिच्या मनातही येत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? थकलो म्हणून. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

आधी आमच्या मंडळीबद्दल, म्हणजे चर्चच्या लोकांबद्दल, सांगतो. गडचिरोलीत आमचं चर्च लहानसं. पत्र्याचं छप्पर, आवारात एक चिंच, रविवारी निम्म्या सतरंज्या रिकाम्या. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, बाहेरगावाहून येतात, काही वर्षं राहतात, जातात. त्यांच्यात आणि मंडळीत कुरबुर वाढू नये म्हणून आमच्याकडे तिघांची एक समिती आहे. तिचं काम एकच – महिन्यातून एकदा पाळकसाहेबांसोबत चहाला बसायचं. मंडळीच्या मनात काय आहे ते त्यांच्या कानावर घालायचं, त्यांच्या मनात काय आहे ते ऐकून घ्यायचं. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. 'लोक म्हणतात', एवढंच. म्हणजे तक्रार पोचते आणि वैर होत नाही. आणि आणखी एक – बोलायला एकट्यानं जायचं नाही, निदान दोघांनी जायचं.

पद्धत चांगली आहे. बिघाड पद्धतीत नव्हता.

मी फॉरेस्टच्या लाकूड डेपोतून रिटायर झालो तेव्हा मला या समितीचा प्रमुख केलं. का, तर मी कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाचच सरळ समजतात. माझ्यासोबत शांताबाई, या आधी नर्स होत्या, आणि एसटीतला एक ड्रायव्हर, ज्याची ड्युटी नेमकी बैठकीच्या दिवशीच लागायची.

त्या वेळचे पाळकसाहेब नगरकडचे, तरुण. आले तेव्हा आमची बोली ऐकून हसायचे. वर्षभरात स्वतःच मले-तुले करायला लागले. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात एका पाड्यावर आमच्या मंडळीची थोडी घरं आहेत. मोहफुलं वेचणारी, हंगामात तेंदूची पानं तोडणारी माणसं. आधीचे पाळक तिथं नाताळला जायचे आणि केक वाटून परत यायचे. हे दर आठवड्याला जायचे. मुक्काम करायचे.

मग सुमनचं, माझ्या बायकोचं, पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक निघालं. मी पाळकसाहेबांना फोन लावत राहिलो – लागेचना. ते पाड्यावर होते. तिथं एक म्हातारी वारली होती, तिला माती देऊनच ते निघाले. दोन दिवसांनी आले. चपलांना चिखल तसाच, घरीही न जाता थेट दवाखान्यात. सुमनसाठी प्रार्थना केली, माझी माफी मागितली. मी म्हटलं, असू द्या हो साहेब.

असू द्या म्हटलं – आणि असू दिलं नाही. सुमनला राग आलाच नव्हता, ती त्यांना त्या म्हातारीबद्दलच विचारत बसली. राग माझा होता. ऑपरेशन चालू असताना त्या बाकावर मी एकटा होतो, फार घाबरलो होतो, आणि आमचा पाळक दुसऱ्याच कुणाच्या दारी बसला होता. हे त्यांना सरळ सांगता आलं नसतं का? साहेब, मला तुमची गरज होती – इतकंच तर म्हणायचं होतं. पण समितीच्या प्रमुखानं, या वयात, असं म्हणायचं? लाज वाटली.

पुढच्या बैठकीच्या वेळी शांताबाई मुलीकडे गडचांदूरला गेल्या होत्या. ड्रायव्हरची ड्युटी होतीच. बैठक पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही. एकटाच गेलो – ठरवून गेलो. चहा झाला, आणि मी म्हणालो, "साहेब, लोक म्हणतेत का तुमी इथले कमी अन् जंगलातलेच जास्त झाले."

कुणीही असं म्हणत नव्हतं. एकसुद्धा माणूस नाही.

त्यांनी विचारलं, "बरेच जण म्हणतात?"

"आता नाव कसं घेऊ? पण म्हणतेत."

पाहिलंत – आमच्याच पद्धतीच्या आड कसा उभा राहिलो? त्यांनी मान हलवली, माझे आभार मानले आणि कपबशा उचलून आत नेल्या.

ते पाड्यावर जायचे थांबले. माझा राग तर आठवडाभरातच निवला होता. तेव्हा तरी जाऊन सांगायचं ना? रोज ठरवायचो. रविवारी चर्चमधली भक्ती सुटली की ते दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे – आता हात हातात असताना प्रत्येकाचा चेहरा तपासायला लागले. हा म्हणाला असेल? की ही? उपदेश आखूड झाले. मले-तुले गेलं, बोलणं पुस्तकी झालं. शांताबाई परत आल्यावर मला म्हणाल्या, साहेब उतरलेले दिसतात, आपण बसून विचारू. त्यासाठीच तर समिती होती. मी म्हटलं, उन्हानं होतं तसं.

एका रविवारी पाड्यावरचे बिरजूभाऊ एसटीनं आले. वारलेली म्हातारी यांचीच बायको. भक्ती संपून गेली होती, पाळकसाहेब कुठे लग्नाला गेलेले, आवारात मी एकटाच. ते चिंचेखाली बसले, पाणी प्यायले आणि मग विचारलं, "भाऊ, साहेब काऊन येऊन नाई राह्यले? आमचं काई चुकलं का?"

मी म्हणालो, त्यांची तब्येत बरी नसते. तर म्हणाले, मग आम्ही सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आणि परतीची गाडी धरायला निघून गेले. ते येऊन गेले हेही मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही.

वर्ष संपताना पाळकसाहेबांनी बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी बाया रडल्या. जो तो विचारत होता, काऊन चालले साहेब, कोणी काही बोललं का? ते एकेकाच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांना काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो निरोपाचं भाषण करत होता. भाषण चांगलं झालं म्हणे. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"इथं तुम्ही एकटेच माझ्याशी खरं बोललात," ते म्हणाले.

पाड्यावरची घरं आता आमच्याकडे येत नाहीत. समितीचा प्रमुख अजून मीच आहे. प्रभुभोजनाच्या आधी सगळ्यांबरोबर पापांगीकार, म्हणजे पापं कबूल करायची प्रार्थना, म्हणतो – त्या एवढ्या आवाजांत माझा आवाज मलाही ऐकू येत नाही. नवे पाळकसाहेब आलेत, मनमिळाऊ आहेत. परवाच्या बैठकीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, लोक काय म्हणतात? प्रमुख या नात्यानं मीच बोलावं म्हणून शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

तेव्हाही लोकांनी काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं.