हात लावू नये

निमाताई गेल्याचं मला मोबाइलवर आलेल्या गुलाबाच्या चित्रावरून कळलं. खाली लिहिलं होतं, 'वीज मालवली.' तोंडाची चवच गेली... पुण्यातल्या एकाच कॉलेजात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्या माझ्याहून मोठ्या, आणि अशा शब्दांचा त्यांना भारी तिटकारा.

तोंडी परीक्षेत त्यांचा प्रश्न ठरलेला असे. टेबलावर एका बरणीत विजेचा झटका देणारा समुद्रातला चपटा मासा, आणि शेजारी डबीत पावसाळ्यात दिव्यावर येणारा मुंगीएवढा केशरी-काळा भुंगेरा. हा अंगावर चिरडला की कातडी भाजते. मुलं आकार, पाय, कल्ले सांगत बसत. "अहो, फरक कुणालाही दिसतो. साम्य सांगा," ताई म्हणत. मग स्वतःच सांगत, "आपण वाटेला गेलो नाही, तर दोघंही आपल्याला काही करत नाहीत." बरणीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती : 'हात लावू नये. पुन्हा सांगितलं जाणार नाही.'

आजारपणात त्यांनी मला बजावलं होतं, "शोकसभा नको. मेल्यावर तरी माझ्या वाटेला जाऊ नका." मी शब्द दिला. कॉलेजला कळवलंही. "असं कसं मॅडम, ताई आमच्याही होत्या ना!" असं उत्तर आलं, आणि सभा झालीच.

संध्याकाळी जाऊन पाहते तो काय, व्यासपीठावर ताईंच्या फोटोशेजारी तीच बरणी, आणि बरणीला झेंडूचा हार! आतला मासा पांढुरका, लिबलिबीत. झाकणातून झिरपणाऱ्या औषधाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला. ताई असताना ज्यांनी त्यांना कधी साधा चहा विचारला नाही, ते एकामागून एक उठून सांगत होते, "ताई म्हणजे चालतीबोलती वीज!" मला किळस आली, आणि ती माशाची नव्हती. मी उठले, हार काढून ठेवला, बरणी उचलली.

"अहो मॅडम, कार्यक्रम चाललाय..."

"चालू दे. चालतीबोलती वीज ना? ही बसत नाही."

दाराशी ट्यूबलाइटखाली मानेवर काहीतरी वळवळलं. संतापात मी फटकन हात मारला. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेली बाई मी!

दुसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठला. आता तो फिका पडलाय. बरणी प्रयोगशाळेत आपल्या जागी आहे. तिकडे गेले की चिठ्ठी वाचते... मानेला हमखास खाज सुटते. मी हात लावत नाही.